रस्ता पाठ आहे

कायद्यापुढे सगळे सारखेच असतात. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, ओळखीचा-बिनओळखीचा असला कुठलाही भेद कायदा मानत नाही. हे वाक्य हवालदार दर शनिवारी सकाळी वाहतूक शाखेच्या हॉलमध्ये, माइकमध्ये दोनदा फुंकर मारून झाल्यावर, ठेवणीतला जड आवाज काढून म्हणत असत. ते म्हणून झालं की पहिल्या रांगेतून त्यांचे वडील मोठ्याने सांगत, "ऐकू येत नाही. तोंड माइकजवळ ने."

आणि हवालदार तोंड माइकजवळ नेत.

कार्यक्रमाचं नाव होतं 'विचारा पोलिसांना'. शाखेचे मोठे साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि येताना ही कल्पना घेऊन आले होते. इतर लोक प्रशिक्षणाहून बॅग आणि पेन आणतात. साहेबांचं म्हणणं असं, की वाहनचालकांच्या मनात प्रश्न असतात, ते मनातच राहतात आणि मग सिग्नलवर बाहेर पडतात. त्यापेक्षा त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावं आणि विचारू द्यावं. कल्पना सगळ्यांना आवडली. उत्तरं द्यायला मात्र कोणी पुढे येईना. तेव्हा कोणाला तरी आठवलं, की हवालदारांचा पाय मोडला होता त्या वेळी त्यांनी पडल्या पडल्या वाहतुकीची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. असा माणूस शाखेत दुसरा नव्हता. पाय बरा झाला, पण हे काम गळ्यात पडलं ते पडलंच.

हॉल म्हणजे मूळची जप्त मालाची खोली. कोपऱ्यात मोडका सिग्नल अजून उभा होता. त्यावर शाखेतले लोक टोप्या आणि रेनकोट टांगायचे. खुर्च्या चार जातींच्या होत्या. माइकला स्वतःची मतं होती.

पण लोक यायचे. टॅक्सीवाले यायचे, शाळेच्या व्हॅनवाले यायचे, नुकतं लायसन्स मिळालेल्या बायका यायच्या, आणि ज्यांना कुठेच कोणी बोलू देत नाही असे काही नवरे यायचे.

"पिवळा दिवा लागला की थांबायचं का जायचं?" हा प्रश्न दर शनिवारी पहिला. विचारणारा दर वेळी वेगळा, पण चेहऱ्यावरचा भाव तोच, की हे आजवर कोणालाच सुचलेलं नाही.

"पोलीस झाडामागे का लपतात?"

"लपत नाहीत. सावलीत उभे राहतात."

"मग सावली नेमकी वळणापाशीच कशी पडते?"

"झाडाला विचारावं लागेल. पुढचा प्रश्न."

"तुम्ही हात केलात तर गाडीतून उतरायचं का बसून राहायचं?"

"बसून राहायचं. हात दिसतील असे ठेवायचे. आणि 'मी कोण आहे माहितीये का' हे अगदी शेवटी विचारायचं, म्हणजे तोवर आमचं काम उरकलेलं असतं."

"सासूबाई पुढे बसतात आणि पट्टा लावत नाहीत. दंड कोणाला?"

"चालवणाऱ्याला."

"म्हणजे मलाच."

"हो."

"घरीपण असंच आहे," असं म्हणून त्या बाई खाली बसल्या आणि हॉलमधल्या निम्म्या बायकांनी माना डोलावल्या.

एकदा एका कारकुनाने, म्हणजे सरळ भांग, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर अशा एका माणसाने उठून विचारलं, "आम्हाला का थांबवलं, हे आम्ही विचारू शकतो का? का तो उद्धटपणा होतो?"

"जरूर विचारा," हवालदार म्हणाले. "शांतपणे म्हणायचं, मला का थांबवलंत? पोलिसाने कारण सांगितलंच पाहिजे. आणि ज्याला कारण सांगता येत नाही, त्याने थांबवायलाच नको होतं."

टाळ्या पडल्या. शेवटचं वाक्य नियमावलीत नव्हतं. ते हवालदारांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. स्वतःच्या पदरचं घातलेलं केव्हातरी अंगाशी येतंच, पण टाळ्या पडत असताना ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

हवालदारांचे वडील निवृत्त बसचालक. हयात सात नंबरच्या बसवर गेलेली. सगळ्या पेठा त्यांना 'पायलट' म्हणून ओळखायच्या आणि त्यांनाही ते नाव आपलं खरं नाव असल्यासारखं वाटायचं. घरात एक जुनी, सायीच्या रंगाची छोटी गाडी होती. हवालदारांच्या नावावर, पायलटच्या ताब्यात. रोज सकाळी नाश्ता झाला की पायलट किल्ली उचलायचे. "जरा फिरवून आणतो. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते." निवृत्तीपासून आजपर्यंत त्या बॅटरीला उतरायची संधी म्हणून मिळाली नव्हती.

शनिवारी मात्र ते पहिल्या रांगेत असायचे. घरी मुलाला 'अरे'-'जारे' करणारा हा माणूस हॉलमध्ये उभा राहून "साहेब, माझा एक प्रश्न आहे," म्हणायचा आणि हवालदार नियमावली जवळ ओढायचे. कारण पायलटचे प्रश्न म्हणजे प्रश्न नसत, चुकांची दुरुस्ती असे.

त्या शनिवारी मोठ्या साहेबांनी आधी स्वतः येऊन एक घोषणा केली. बाजारपेठेत कोंडी फार होते, म्हणून येत्या सोमवारनंतरच्या सोमवारपासून बाजारपेठेचा रस्ता एकेरी होणार. चौकाकडून आत जायला बंदी. आत जायचं त्यांनी मागच्या बाजूने, वखारीवरून, वळसा घालून जायचं. कोणाला काही शंका?

शंका पुष्कळ होत्या, पण साहेब तोवर गेले होते. मग पायलट उभे राहिले.

"साहेब, समजा, एक चालक आहे. अनुभवी. त्याला लांबचं जरा कमी दिसतं. पण रस्ता पाठ आहे. खड्डा न् खड्डा पाठ आहे. तर कायद्याचं काय म्हणणं आहे?"

हॉल हसला. हवालदारही हसले. "कायद्याचं म्हणणं, रस्ता पाठ असला तरी रस्त्यावरची माणसं पाठ नसतात. ज्याला दिसत नाही त्याने चालवू नये."

"अगदीच दिसत नाही असं नाही म्हटलं. जरा कमी, म्हटलं."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा," पायलट म्हणाले आणि बसले. हवालदारांना वाटलं, बाबांच्या जुन्या दोस्तांपैकी कोणीतरी असेल. पोलिसाला संशय घ्यायचा पगार मिळतो, पण तो घराच्या बाहेर घ्यायचा असतो.

बुधवारी ते नव्या फलकांच्या जागा ठरवायला बाजारपेठेच्या चौकात गेले. सोबत त्यांच्या हाताखालची महिला शिपाई होती. ती कमी बोलायची आणि बोलली की दुसऱ्याला बोलायला काही उरत नसे. चौकाच्या अलीकडेच सात नंबरचा थांबा. तेवढ्यात बस आली, थांबली, दार उघडलं. थांब्यावर दोघं उभी होती. दोघंही चढली नाहीत. बस गेली.

"ही तुमचीच बस ना?" हवालदारांनी विचारलं.

"नाही हो," हातात कापडाचं गाठोडं घेतलेल्या बाई म्हणाल्या. या पेठेतल्या शिवणवाल्या. निम्म्या गावाची मापं त्यांना तोंडपाठ होती. "आम्ही सात नंबरची वाट बघतोय."

"सात नंबरच गेली की आत्ता."

"ती कंपनीची. आम्हाला पायलटकाकांची हवी. बसचा काय भरवसा? काका वेळेवर येतात."

दुसरा माणूस म्हणजे तोच कारकून. त्याने हवालदारांना ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर थांब्याच्या छपरावरची जाहिरात वाचायला लागला.

आणि सायीच्या रंगाची गाडी आली. सावकाश, रस्त्याच्या कडेने, एखादी मोठी गाडी चालवावी तशी लांबून वळण घेत, आणि थांब्याच्या खांबाशी बरोबर दार येईल अशी थांबली. शिवणवाल्या बाई पुढे बसल्या, कारकून मागे. हवालदार थांब्यामागच्या झाडाआड सरकले होते. म्हणजे लपले नव्हते, सावलीत उभे होते. त्यांना दिसलं ते असं: बाईंनी समोर चौकातला दिवा बघितला, हिरवा झाल्यावर खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर दोनदा थाप मारली. टप टप. गाडी निघाली. पलीकडे एक म्हातारा रस्त्यात उतरला, तशी बाईंनी एकच थाप मारली. गाडी जागच्या जागी उभी. म्हातारा गेला. टप टप. गाडी बाजारपेठेत शिरली.

बसमधला कंडक्टर एक घंटी देतो तेव्हा थांबायचं असतं, दोन देतो तेव्हा निघायचं असतं. हे हवालदारांना चड्डीत असल्यापासून माहीत होतं. त्यांचं बालपण त्या घंटीवर गेलं होतं. लहानपणी ते जेवतानासुद्धा ताटावर दोन टिचक्या मारून आणखी वाढ म्हणायचे.

"साहेब," महिला शिपाई म्हणाली, "गाडीचा नंबर लिहून घेऊ?"

"नको."

"मला पाठ आहे तसा," ती म्हणाली. "तुमचीच गाडी आहे."

घरी आल्यावर हवालदारांनी टोपी टेबलावर ठेवली आणि बायकोला म्हणाले, "बाबांना दिसत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. ती कणीक मळत होती, आणि मळायची थांबली नाही.

"तुला माहीत आहे?"

"मला माहीत आहे, दूधवाल्याला माहीत आहे, शिवणवाल्या बाईंना माहीत आहे. फक्त पोलिसांना माहीत नव्हतं. नेहमीचंच आहे ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? हवालदारांना सांगितलं तर गुन्हा, आणि बाबांच्या मुलाला सांगितलं तर चहाडी. मी त्यांना दोनदा म्हटलं, बाबा, डॉक्टरांकडे चला. ते म्हणाले, डॉक्टर नाही म्हणाले तर? मी म्हटलं, तर नाही. ते म्हणाले, मग नकोच."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुम्ही बोला की. रस्त्यावर उभं राहून दिवसभर येईल त्याला अडवता. घरातल्या एकाला अडवून दाखवा."

हवालदार खुर्चीत बसले. आतापर्यंतचं एक वेळ सोडा. बाबा सात नंबरच्या रस्त्याबाहेर कधी जात नव्हते, गाडी पळवत नव्हते, बाई थापा मारत होत्या. पण सोमवारी बाजारपेठ एकेरी होणार होती. बाबांच्या डोक्यातला रस्ता चौकातून सरळ आत जात होता, आणि सोमवारी त्याच रस्त्याने समोरून सगळ्या गावाची वाहनं येणार होती. बाई थाप मारून मारून किती मारतील? आणि फलक लावणार कोण, तर हवालदार.

रात्रीच्या जेवणाआधी बोलायचं ठरलं. पायलट आरामखुर्चीत बसून खिडकीबाहेरचे आवाज ऐकत होते. एक स्कूटर गेली. "दूधवाला," ते म्हणाले. "प्लग साफ करायला झालाय त्याचा. सांग त्याला."

"बाबा."

"काय रे?"

हवालदारांनी तोंड उघडलं. हयातीत त्यांनी आमदाराच्या पुतण्याला थांबवलं होतं, न्यायाधीशांच्या ड्रायव्हरला थांबवलं होतं, एकदा तर चुकून मोठ्या साहेबांनाच थांबवलं होतं.

"बॅटरी बरी आहे ना?" ते म्हणाले.

"उत्तम आहे," पायलट म्हणाले. स्वयंपाकघरातून लाटणं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

गुरुवारी हवालदारांनी पुन्हा तोंड उघडलं आणि टायरमधल्या हवेची चौकशी केली. शुक्रवारी किल्ली लपवावी असं मनात आलं. त्यांनी ती डाळीच्या डब्यात टाकली, आणि अर्ध्या तासाने, आपण जप्ती करतोय आणि जप्तीची पावती दिलेली नाही असं वाटून, परत खिळ्याला लावली. शनिवारी हॉलमध्ये पिवळ्या दिव्याचा प्रश्न आला, हेल्मेटखाली केस खराब होतात त्याचं काय असा प्रश्न आला, पण पहिल्या रांगेतून प्रश्न आला नाही. पायलट हातावर हात ठेवून बसले होते. कार्यक्रम सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. हवालदारांची दोन उत्तरं चुकली आणि ती दुरुस्त करायलाही कोणी उठलं नाही.

सोमवारी सकाळी चौकात 'प्रवेश बंद' असा लालबुंद फलक लागला. तो इतका मोठा होता, की तो वाचायला गाड्या थांबत होत्या आणि त्यामुळे कोंडी होत होती. हवालदारांनी रात्री अंथरुणात सगळी तयारी केली होती. आपण चौकाच्या अलीकडे, थांब्यापाशी, रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं. हात वर करायचा. बाकीच्यांना थांबवतो तसं थांबवायचं. घरी बोलता येत नाही, पण युनिफॉर्ममध्ये सुचतं.

सायीच्या रंगाची गाडी वळणावर दिसली; बाई आणि कारकून आज आधीच्याच थांब्यावरून चढले होते. हवालदार पुढे झाले. रस्त्याच्या ऐन मध्यात उभे राहिले, पांढरा हातमोजा घातलेला हात उंच केला, पंजा पसरला. एवढा मोठा पंजा त्यांनी कधी कोणाला दाखवला नव्हता. गाडी येत होती. काचेमागे बाबांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. शांत, दाढी केलेला, नजर सरळ. सरळ म्हणजे थेट हवालदारांच्या छातीवर.

गाडीचा वेग कमी झाला नाही.

टप्.

एक थाप. गाडी थांबली. हवालदारांचे गुडघे आणि बंपर यांच्यात एखादी शिट्टी मावेल एवढी जागा उरली होती. शिट्टी तोंडात होती, ती वाजवायची राहून गेली होती.

उघड्या खिडकीतून ऐकू आलं. "कोण आहे पुढे?"

"पोलीस आहेत, काका," शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

"कुठले?"

"आपलेच."

हवालदार चालत खिडकीशी आले. पायलटनी मान त्यांच्या बुटांच्या आवाजाकडे वळवली. "डाव्या टाचेला खिळा मारून घे," ते म्हणाले. मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं असावं, कारण ते ताठ बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवले आणि शनिवारच्या आवाजात बोलले.

"नमस्कार, साहेब. मला का थांबवलंत?"

हवालदारांना नियमावलीतली सगळी कलमं आठवली. क्रमाने आठवली. "लायसन्स बघू," ते म्हणाले.

"आधी कारण."

"कारण सांगितलंच पाहिजे, साहेब," मागच्या सीटवरून कारकून म्हणाला. तो हवालदारांकडे बघत नव्हता, पण मुद्दा बरोबर होता. "तुम्हीच सांगितलंय."

"आणि सांगता येत नसेल तर थांबवायलाच नको होतं," बाई म्हणाल्या. मग हवालदारांच्या तोंडाकडे बघून त्यांनी गाठोडं पोटाशी धरलं आणि हळूच म्हणाल्या, "सांगा ना. सांगा एकदाचं. मलाही आता फार भीती वाटते हो."

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. हवालदारांनी टोपी काढली आणि खिडकीशी वाकले.

"बाबा, मी समोर उभा होतो."

"बरं."

"हात वर करून."

"मग?"

"तुम्हाला दिसलो नाही मी."

पायलटनी मान पुन्हा समोर वळवली. "कडेला असशील," ते म्हणाले.

"मधोमध होतो."

"मधोमध?"

"अगदी मधोमध."

पायलटनी हात स्टिअरिंगवरून काढले. तळव्याने स्टिअरिंगची वरची बाजू पुसली, जशी पाळी संपल्यावर पुढच्या ड्रायव्हरसाठी पुसायचे तशी. मग इंजिन बंद केलं.

"शनिवारीच विचारणार होतो, आता मी कसं जायचं ते," ते म्हणाले. "लोक बसले होते म्हणून नाही विचारलं. समोर बोर्ड लावलाय का रे?"

"हो."

"मोठा आहे?"

"खूप मोठा आहे, बाबा."

"काय लिहिलंय?"

"प्रवेश बंद."

"मग इथून पुढचं मला पाठ नाही," पायलट म्हणाले आणि किल्ली काढून त्यांनी खिडकीबाहेर धरली. धरली ती जरा भलतीकडेच. हवालदारांनी आपला हात सरकवून किल्लीखाली नेला.

असा प्रसंग अजून थोडा वेळ चालायला हरकत नव्हती. पण कारकून खाकरला. "माझी हजेरीची वेळ होते आहे," तो म्हणाला. "म्हणजे, तुमचं चालू द्या. पण होते आहे."

महिला शिपाई येऊन उभी राहिली. "साहेब, ही खासगी गाडी बसथांब्यावर उभी आहे. थांब्यावर उभी करायला मनाई आहे." तिने चौकाकडे बघितलं. "इथलं मी बघते. तुम्ही गाडी हलवा. कुठे हलवायची ते मी विचारलेलं नाही."

ड्युटीची जागा सोडून जायला नियमावलीत सक्त बंदी आहे. हवालदारांना कलमही माहीत होतं. शिवणवाल्या बाई मागे गेल्या, पायलट शेजारच्या सीटवर सरकले आणि हवालदार चालवायला बसले. पट्टा लावला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

"क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे," पायलट म्हणाले.

"हो, बाबा."

"हळूहळू सोड. हळूहळू म्हणजे माझ्या वयाने, तुझ्या नाही."

गाडी निघाली. वखारीकडे वळली. पायलटनी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि नाक वर केलं. "लाकूड," ते म्हणाले. "वखार आली. म्हणजे पहिलं वळण वखारीला." पुढे काही वेळाने म्हणाले, "हा घणाचा आवाज कुठला?"

"पत्र्याचं दुकान आहे."

"दुसरं वळण पत्र्याच्या दुकानाला. थांबे कुठेयत?"

"वळशावर थांबे नाहीत."

"मग माणसांनी उतरायचं कुठे?"

 हे मोठ्या साहेबांना कोणी विचारलंच नव्हतं. कारकून कचेरीच्या दारात उतरला. उतरताना सवयीने त्याने टपावर दोन थापा मारल्या, आणि हवालदारांच्या हातून गाडी पुन्हा बंद पडली.

त्यानंतरच्या शनिवारी हॉल भरलेला होता. एकेरी मार्गामुळे प्रश्नांना ऊत आला होता. पिवळ्या दिव्याचा प्रश्न झाला, झाडाचा झाला. मग पायलट उभे राहिले. शेजारी शिवणवाल्या बाई होत्या. दोघांचेही पाय धुळीने भरलेले होते.

"साहेब, माझा एक प्रश्न आहे. समजा, एका चालकाने स्वखुशीने किल्ली दिली. कोणी जप्त केली नाही. मग त्याने आठवडाभर रोज सकाळी वखारीवरून पायी चालून नवा वळसा पाठ केला. वखार, पत्रेवाला, मग चढ, मग बेकरीचा वास, मग शाळेची घंटा. पार पाठ केला. तर किल्ली परत मागता येते का?"

हॉलमध्ये या वेळी कोणी हसलं नाही. बाजारपेठेतल्या सगळ्यांना आता सगळं माहीत होतं. पोलिसांनासुद्धा.

हवालदारांनी तोंड माइकजवळ नेलं. कोणी न सांगता नेलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणला तर येते."

"कानाचा चालणार नाही?"

"नाही."

"नाकाचा?"

"नाकाचाही नाही."

"आणि डॉक्टर नाही म्हणाले तर?"

हवालदारांनी नियमावली उघडली. त्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं, पण बघायला कुठेतरी जागा हवी होती. "तर त्यांची गाडी त्यांच्या मुलाने चालवावी," ते म्हणाले. "रोज सकाळी. ड्युटीच्या आधी. बॅटरी उतरू नये म्हणून."

"हे लिहिलंय त्यात?"

"नाही."

"मुलगा क्लचवर पाय ठेवून चालवतो."

"त्याबद्दल कायद्यात तरतूद नाही."

"असायला हवी होती," पायलट म्हणाले. आता मात्र हॉल हसला, आणि त्या हसण्याच्या आडोशाने पायलट एकदम घरच्या आवाजात बोलले. "मंगळवारी जाऊ. डॉक्टर मंगळवारी असतो. येशील बरोबर?"

"येईन, बाबा," हवालदार म्हणाले. माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. शिवणवाल्या बाईंनी पदराने डोळे टिपले आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, दोन थापा मारल्या. पायलट बसले. बसता बसता हातावर वळणं मोजत पुटपुटत होते, वखार, पत्रेवाला, चढ, बेकरी.

तेवढ्यात मोठे साहेब आत आले. त्यांना घाई होती. ते उभ्या उभ्याच माइकवर म्हणाले, की बाजारपेठेतल्या दुकानदारांचा विरोध लक्षात घेऊन एकेरी मार्ग रद्द करण्यात आला आहे. रस्ता आज दुपारपासून पुन्हा पहिल्यासारखाच.